छताला आलेला घाम: तासगावातल्या एका बेदाणा पॅकिंग शेडचं प्रकरण

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तासगावहून फोन आला. "साहेब, पत्रा गळतोय. तीनदा स्क्रूंना सिलिकॉन मारलं, वरनं डांबरपट्टी लावली, तरी थांबंना. खालच्या थप्पीचे बॉक्स भिजले." बेदाण्याचा व्यवसाय करणारे ओळखीचे आण्णा बोलत होते. मी सांगलीत राहतो, शीतगृहं आणि इन्सुलेशनची कामं करतो. गळका पत्रा हे माझं काम नव्हे, असं मी सांगणारच होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "मार्चमध्ये पफ मारून घेतला ना, तेव्हापास्नं हे झालंय." पफ म्हणजे उष्णता अडवायला पत्र्याच्या पोटाला फवारून बसवलेला पॉलियुरेथेन फोम, आणि ते माझंच क्षेत्र. मग मला जावंच लागलं.

शेड साधी. चाळीस फूट बाय पंचवीस फूट, लोखंडी कैच्या, वर रंगीत पत्रा, पत्र्याखाली तीन फुटांवर जिप्समचं फॉल्स सीलिंग. दोन टनांचे चार एसी. आत चौदा बाया बेदाण्याच्या काड्या काढतात, दाणा निवडतात, प्रतवारी लावून बॉक्स भरतात. खोली थंड का लागते, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये झालेला बेदाणा शीतगृहात चार-पाच अंशांवर जातो आणि मागणी येईल तसा थोडा थोडा बाहेर काढला जातो. हा गार बॉक्स पावसाळी हवेत उघडला की दाण्यालाच घाम फुटतो. बेदाण्यात आधीच पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि बाकी बहुतेक साखर. ओली हवा लागली की ती साखर पाणी ओढते, दाणे एकमेकांना चिकटतात, रंग काळवंडतो. सौद्यात मूठभर माल हातात घेऊन दाबला की व्यापारी ओळखतो. म्हणून गार आणि कोरडी, दोन्ही प्रकारची खोली हवी. आण्णांच्या शेडची सगळी गोष्ट या 'दोन्ही' शब्दावरच अडली होती.

उन्हाळ्यात पफने काम चोख केलं होतं, हे आधी सांगायला हवं. तासगावच्या एप्रिलमध्ये दुपारी पत्र्यावर हात ठेवता येत नाही; साठ अंशांच्या वर तो सहज जातो. आधी चारही एसी दिवसभर धापा टाकायचे आणि खोली पंचविसाच्या खाली यायची नाही. पत्र्याच्या पोटाला पफ बसल्यावर त्याच खोलीत एकोणीस अंश मिळू लागले. एसी मध्येच बंद पडून विश्रांती घेऊ लागले. आण्णा खूश होते आणि त्यात काही चूक नव्हतं.

पहिल्या भेटीत मी छताकडे बघायच्या आधी बायांना विचारलं, पाणी कधी पडतं? त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "सकाळी आलं की टेबलं ओली असत्यात. पाऊस न्हाई पडला तरी. पत्रा गळत न्हाई वो साहेब, छताला घाम येतोय." तीन वेळा सिलिकॉन मारणाऱ्यांनी त्यांना विचारलं असतं तर तेवढे पैसे वाचले असते.

तरी खात्री करून घ्यायला हवी होती. तासगावात चार दिवस पाऊस नव्हता. दुपारी एसी बंद ठेवून पत्र्यावर अर्धा तास पाइपने पाणी सोडलं, स्क्रूंवर, जोडांवर, सगळीकडे. आत थेंब नाही. मग सीलिंगचा एक चौकोन उचलला आणि बॅटरी घेऊन डोकं वर घातलं. जिप्समला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवर बारीक थेंबांची रांग लागली होती, मोत्यांच्या सरासारखी. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवरचं काळं आवरण जोडापाशी फाटलं होतं, तिथून पाणी अक्षरशः ठिबकत होतं. जिप्समची वरची बाजू बोटाने दाबली तर बोट रुतलं. आणि पफ? पफ कोरडा.

मापं घेतली. सीलिंगच्या खाली २०.५ अंश आणि ७४ टक्के आर्द्रता. सीलिंगच्या वर २५.८ अंश आणि ९१ टक्के. एवढ्या ओल्या हवेचा दवबिंदू चोवीसच्या थोडा वर येतो. म्हणजे त्या हवेला चोवीसपेक्षा गार असलेलं काहीही लागलं की पाणी सुटणारच. फ्रीजमधून काढलेला स्टीलचा तांब्या ओट्यावर ठेवला की बाहेरून ओला होतो, तेच. इथे तांब्याच्या जागी हजार चौरस फुटांचं सीलिंग होतं.

प्रश्न एवढाच उरला की पफ मारलेल्या छताखाली बाहेरची हवा आली कुठून?

उत्तर पत्र्यावरच फिरत होतं. शेडवर चार टर्बो व्हेंटिलेटर होते, वाऱ्यावर फिरणाऱ्या त्या चंदेरी फिरक्या. पफ नव्हता तेव्हा त्या कामाच्या होत्या; पत्र्याखाली तापलेली हवा ओढून बाहेर टाकायच्या. पफ मारणाऱ्या ठेकेदाराने त्यांच्या गळ्याभोवती व्यवस्थित फोम मारला आणि भोकं उघडी ठेवली. "गरम हवा जायला वाट नको का?" हे त्याचं म्हणणं. वळचणीला पत्र्याच्या नाळ्यांची, म्हणजे पन्हळींची, तोंडंही तशीच उघडी. मी उदबत्ती पेटवून सीलिंगच्या फटीशी धरली. धूर क्षणभर सरळ उभा राहिला आणि मग फटीतून वर खेचला गेला. दुसरी उदबत्ती वळचणीपाशी धरली, तिचा धूर आत वळला. म्हणजे फिरक्या दुहेरी नुकसान करत होत्या. वळचणीतून बाहेरची ओली हवा सीलिंगवर आणत होत्या आणि फटींतून खोलीतली पैसे मोजून गार केलेली हवा बाहेर टाकत होत्या. ती जागा भरून काढायला दाराखालून पुन्हा बाहेरचीच हवा खोलीत शिरत होती.

आण्णांना मी वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. २६ अंश आणि ८८ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाणी असतं. २० अंश आणि ५५ टक्क्यांच्या हवेत साडेनऊ. फरक जवळजवळ १२ ग्रॅमचा. खोलीचं आकारमान ३४० घनमीटर. तासाला एकदा जरी खोलीतली हवा बदलली तरी तासाला चार लिटर पाणी आत येतं. पत्र्यातून एवढं पाणी आलं असतं तर आण्णांनी दुसऱ्या दिवशी पत्रा बदलला असता. हवेतून आलं, म्हणून कुणाला दिसलं नाही.

आधीच्या पावसाळ्यांत असं का झालं नाही, हा आण्णांचा प्रश्न रास्त होता. आधी खोली इतकी गार होतच नव्हती! सीलिंग पंचवीसच्या खाली जायचं नाही, मग त्यावर दव कसलं? पफने खोली एकोणिसावर आणली आणि सीलिंग दवबिंदूच्या खाली गेलं. चूक पफची नव्हती. अर्धं काम करून थांबण्याची होती.

हेच मी कोकणात पाहिलं आहे. घाट उतरून रत्नागिरीकडे कामं केली तेव्हा शिकलो की किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक महिने ओल बाहेरून आत ढकलली जाते, कारण बाहेर दमट आणि एसीच्या खोलीत कोरडं. थंड देशांत उलटं असतं: घरात ऊब आणि स्वयंपाक-अंघोळीची वाफ, बाहेर बर्फ, म्हणून तिथे वाफ अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात. तिकडची पुस्तकी रीत इकडे जशीच्या तशी आणली की पडद्याच्या मागेच पाणी साठतं. रत्नागिरीतल्या एका फ्लॅटमध्ये एसीच्या बेडरूमला प्लास्टिकचा वॉलपेपर लावला होता. तो सोलला तर मागे भिंतभर काळी बुरशी. किनाऱ्यावर आणखी एक दुखणं म्हणजे खारी हवा. पफ पत्र्याला इतका घट्ट चिकटतो की वरून गंजत गेलेला पत्रा आतून कळत नाही, आणि पत्रा बदलायचा तर पफही गेला. म्हणून तिथे आधी पत्रा तपासायचा, मग फोमचं बोलायचं.

आपला सांगली जिल्हा किनाऱ्यापासून सह्याद्रीने तोडलेला. जत-आटपाडी तर कोरडवाहू म्हणूनच ओळखले जातात. त्यामुळे इथला माणूस इन्सुलेशनचा विचार एप्रिलच्या उन्हाकडे बघून करतो. पण जून ते सप्टेंबर पाऊस कमी पडला तरी हवा ओलीच असते, आणि एसीच्या खोलीपुरतं बोलायचं तर ते चार महिने आपण कोकणातच राहतो. मार्चमध्ये दर ठरवताना हे ना आण्णांच्या डोक्यात होतं, ना ठेकेदाराच्या.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना मात्र हवा कोंडण्याचं महत्त्व पुरतं माहीत होतं. हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खड्डा, अरुंद तोंड, वर माती टाकून बंद. आत ना ऊन, ना वारा. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे, कारण आतल्या हवेत प्राणवायू उरलेला नसायचा. २००५च्या महापुरात यातली कित्येक पेवं गेली, त्याची हळहळ आजही वाटते. मी आण्णांना तेच म्हणालो, तुम्ही पेव बांधलंत आणि त्याला चार फिरक्या बसवल्यात.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली, आणि दोन टप्पे का लागले त्यात माझीही चूक आहे. पहिल्यांदा मी फक्त हवेची वाट बंद केली. फिरक्या उतरवल्या, भोकांवर पत्रा आणि आतून फोमची पाटी बसवली. वळचणीच्या नाळ्यांत पत्र्याच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या कोंबल्या आणि कडा डब्यातल्या फोमने भरल्या. इथे एक बारकावा आहे. पंपाने मारायचा पफ दोन द्रवांचा असतो, आयसोसायनेट आणि पॉलिऑल. ते समान मापात, तापवून, दाबाने मिसळतात आणि काही सेकंदांत फुगतात. ओलसर पत्र्यावर तो मारला तर आयसोसायनेट पाण्याशी भिडतं, फोम ठिसूळ होतो आणि पकड सुटते. म्हणून पावसाळ्यात पफचं नवं काम मी घेत नाही. डब्यातला एकच द्रव असलेला फोम मात्र हवेतल्या ओलाव्यावरच पक्का होतो. जुलैमध्ये तोच वापरायचा. शेवटी सीलिंगला चार जाळ्या बसवल्या, म्हणजे वरची पोकळीही खोलीचाच भाग झाली आणि तिथली हवा खोलीइतकीच कोरडी राहणार.

याच वेळी मी जुना पफ सुईने तपासला. पन्नास मिलिमीटर ठरला होता. सपाट भागात तेवढा होताही, पण नाळ्यांच्या उंचवट्यांवर वीस-पंचवीसच भरला. पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या, पूर्ण उघड्या. ईशान्येच्या कोपऱ्यात टिचकी मारली तर पोकळ आवाज आला; तिथे पत्र्यावरचं तेल न पुसता मारलेला दिसत होता. जातीचा प्रश्न मात्र नव्हता. फोम बंद पेशींचा होता, दाट आणि कडक, वाफ सहजी न सोडणारा. खुल्या पेशींचा मऊ फोम स्वस्त पडतो, तो पाण्याची वाफ आरपार जाऊ देतो. अशा खोलीला तो मी कधीच सुचवणार नाही. फुगवण्यासाठी कुठला वायू वापरला, हेही ठेकेदाराला विचारावं. आपल्या देशात एचसीएफसी-१४१बी हा जुना वायू १ जानेवारी २०२० पासून फोमसाठी बंद झाला. त्याच्याऐवजी नुसत्या पाण्यावर फुगवलेला फोम असेल तर तेवढ्याच जाडीत उष्णता थोडी जास्त जाते, म्हणून जाडी वाढवून मागावी.

पुढच्या सोमवारी आण्णांचा फोन. थेंब थांबले होते, टेबलं कोरडी. "पण साहेब, माल अजून चिकटतोयच." मी पुन्हा गेलो. खोलीत ६९ टक्के.

या वेळी मी दोन तास नुसता स्टुलावर बसून एसींकडे बघत राहिलो. कॉम्प्रेसर चार मिनिटं चालायचा आणि बारा मिनिटं बंद. पंखा मात्र चालूच. कारण उघड होतं: आठ टन यंत्रं उघड्या पत्र्याच्या उन्हासाठी घेतलेली होती. पफ बसला, फिरक्या गेल्या, तो भार उरलाच नाही. एसी हवेतलं पाणी काढतो ते गार कॉइलवर दव पाडून, आणि ते दव वाहून नळीतून बाहेर जायला सलग चालणं लागतं. चार मिनिटांत कॉइल जेमतेम ओली होते, तोवर कॉम्प्रेसर थांबतो, आणि चालू पंखा तेच पाणी सुकवून परत खोलीत सोडतो. शिवाय आत चौदा माणसांचा श्वास आणि घाम, आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली फरशी. खोली गार होती, पण कोरडी होत नव्हती. उष्णता अडवली की यंत्रंही लहान करावी लागतात, हे मला पहिल्याच भेटीत सांगता आलं असतं. थेंबांच्या मागे लागून मी ते विसरलो.

चारांपैकी दोन एसी त्याच दिवशी बंद केले. उरलेल्यांचा पंखा कॉम्प्रेसरबरोबर थांबेल असा लावला. तापमान एकोणिसावरून तेवीसवर नेलं. निवडायच्या खोलीला तेवढं पुरतं आणि बायांचे हातही आखडत नाहीत. मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, आणला, दिवसाला ९० लिटरचा. त्याचा तो आकडा गरम, दमट हवेसाठी छापलेला असतो. गार खोलीत निम्मंच पाणी मिळतं, हे धरूनच मोठा घेतला. पहिल्या रात्री त्याची नळी बादलीत सोडली होती. सकाळी बादली भरून फरशीवर सांडलं होतं. मावशींनी पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं हवेत होतं?" चौथ्या दिवशी आर्द्रता ५५ वर स्थिरावली.

दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावला आणि बाहेर छोटी बंद खोली काढली. शीतगृहातून आलेले बॉक्स आता रात्रभर तिथे बंदच राहतात, दुसऱ्या दिवशी आत नेऊन फोडतात.

खोली इतकी बंद केल्यावर माणसांना मोकळी हवा कुठून मिळणार, याचा विचार आधी व्हायला हवा. चौदा बाया आठ-आठ तास बसतात. त्यासाठी लहान पंखा बसवला, तो बाहेरची हवा थेट एसीच्या तोंडाशी सोडतो, म्हणजे आत येतानाच ती कोरडी होते. बाहेरची हवा वाईट नाही. ती आपण ठरवलेल्या वाटेने, आपण ठरवलेल्या मापात यावी, इतकंच.

आता ज्यावरून माझं आणि आण्णांचं थोडं वाजलं ते सांगतो. पफ सीलिंगच्या वर उघडाच होता आणि विजेच्या वायरी त्यातच पुरल्या होत्या. पॉलियुरेथेन फोम पेटतो, त्याचा धूर काळा आणि विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही. खोलीला दार एकच. आण्णा म्हणाले, "इतकी वर्षं काय झालं?" इतकी वर्षं पफ नव्हता, आण्णा. वायरी काढून पाइपातून नेल्या, फोमवर आग रोखणारा लेप दिला, मागच्या भिंतीत बाहेर उघडणारं दुसरं दार पाडलं. दाराशिवाय पुढचं काम करणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं, आणि ते अजूनही बरोबरच वाटतं.

मार्चमध्ये पफ मारला तेव्हा रविवारी काम झालं आणि सोमवारी सकाळी बायांना कामावर बोलावलं होतं. दोघींचे डोळे दिवसभर चुरचुरले, एकीला आठवडाभर खोकला. आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला १९८४चं भोपाळ आठवतं. तिथला मिथाइल आयसोसायनेट वेगळा, पफमधला एमडीआय वेगळा, त्या मानाने फारच कमी उडणारा. पण फवारताना त्याचं धुकं होतं आणि ते छातीत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा, तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही. बाकीच्यांनी किमान चोवीस तास आत जायचं नाही, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. एक दिवसाचं काम बुडालं असतं, एवढंच.

यंदाचा पावसाळा त्या शेडने काढला. मावशींकडे एक वही आहे. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तापमान व आर्द्रता त्या स्वतः लिहितात. ऑगस्टच्या पानावर एका दिवशी ६३ लिहिलंय आणि पुढे 'दार उघडं राहिलं'. फिरक्या फाटकाजवळ पडून आहेत, आण्णांना त्या गोठ्यावर बसवायच्या आहेत आणि तिथे त्या खरंच उपयोगी पडतील. ईशान्य कोपऱ्यातला पोकळ फोम मात्र अजून तसाच आहे. तो मार्चमध्ये कापायचा, पत्रा तेल काढून पुसायचा आणि उघड्या पर्लिनसकट पुन्हा मारायचा. कामाच्या आदल्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत शेड बंद ठेवायची, असं आण्णांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलंय.